चारचौघांत आपण वेगळे का वागतो? (सामाजिक मानसशास्त्र, पण कोल्हापुरातलं)

रंकाळाकाठ (धागालेखक)

पुराच्या धाग्यावर मृणालनं विचारलं होतं, "संकटात माणसं अफवा पसरवतात तरी का?" तिथं उत्तर लिहायला बसलो असतो तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय. मी बी.ए.च्या पोरांना मानसशास्त्र शिकवतो. थोडा मास्तरकीचा सूर लागेल, चालवून घ्या.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी पंचावन्न फुटांच्या पुढं गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पंपावर पेट्रोल नाही, दुधाची बोंब. त्या दिवसांत 'राधानगरी धरणाच्या भिंतीला तडा गेलाय, रात्रीत गाव सोडा' असले मेसेज मला कुणाकडून आले? राजारामपुरी, मोरेवाडी, आर. के. नगर इथल्या पाहुण्यांकडून. सगळी उंचावरची वस्ती, जिथं पाणी चढायचा प्रश्नच नाही. आणि सुतारवाड्यातला माझा दोस्त, ज्याच्या घरात पाणी शिरलेलं, तो फोनवर एवढंच विचारत होता, "गॅसची टाकी कुठं ठेवू रे?"

माहिती नव्हती म्हणावं तर तसंही नाही. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी चढलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग होतो, हे इथलं शाळकरी पोरगंही सांगेल. तरी 'दरवाजा उघडला' या बातमीचं चहा निवायच्या आत 'धरण फुटलं' होतं.

या कोड्यावरचा एक जुना आणि नामी अभ्यास आपल्याच देशातला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळचा भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूरची वाताहत झाली. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानं त्यानंतर लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यावर निबंध छापला. ज्यांना धक्का चांगलाच जाणवला होता पण ज्यांच्या आजूबाजूला पडझड फारशी नव्हती, ते लोक काय बोलत होते? चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार. वादळ येणार. पूर येणार.

पुढं अमेरिकेत लिऑन फेस्टिंगरच्या वाचनात हे आलं आणि तो अडला. आधीच घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी कशाला पसरवतील? त्याला सुचलेलं उत्तर असं: त्या अफवांनी भीती निर्माण होत नव्हती, आधीच असलेल्या भीतीला त्या कारण पुरवत होत्या. छाती धडधडतेय आणि घर तर शाबूत उभं आहे. दोन्हींचा मेळ बसत नाही. मग मोठं काहीतरी अजून यायचंय असं मानलं की धडधड वेडेपणाची वाटत नाही. याच्या उलट बाजूची साक्षही मिळाली. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगकडच्या दरडींनंतर असाच अभ्यास केला, तो १९५२ चा. तिथं नुकसान लोकांच्या डोळ्यांसमोर पडलं होतं, आणि तिथं येऊ घातलेल्या प्रलयाच्या अशा अफवा सापडल्या नाहीत. फेस्टिंगरचा १९५७ चा बोधनिक विसंवादाचा सिद्धांत (मनातल्या दोन गोष्टींचा मेळ बसेना की माणूस अस्वस्थ होतो आणि कसाबसा तो बसवतो), ज्याशिवाय या विषयाचं एकही पाठ्यपुस्तक पुरं होत नाही, त्याची ठिणगी ही.

माझा दोस्त आणि माझे पाहुणे यांच्यात काही स्वभावाचा फरक नव्हता. एकाच्या घरात पाणी होतं, दुसऱ्याच्या नव्हतं. सामाजिक मानसशास्त्राचा सगळा खटाटोप या एका गोष्टीभोवती चालतो: माणूस मुळात कसा आहे यापेक्षा तो कुठं उभा आहे, कुणाबरोबर आहे आणि बाकीचे काय करताहेत असं त्याला वाटतं, यावर त्याचं वागणं किती ठरतं. तुम्ही आपापली उदाहरणं टाका. जमेल तसं लिहितो.

मृणाल_आरकेनगर

सर, आधी निषेध नोंदवते, आर. के. नगर म्हणून. :)

पण खरं आहे. तो तड्याचा मेसेज मला माझ्याच आईनं पाठवला होता. मी धरणाची अधिकृत पातळी वगैरे सगळं दाखवलं, तर म्हणाली, "सरकार खरं सांगतंय होय?" आणि अर्ध्या तासात दुसरा मेसेज.

रंकाळाकाठ

स्वाभाविक आहे. मेसेज खोडला तरी धडधड जागेवरच, मग तिला दुसरं कारण लागतं. माझा अनुभव, शास्त्र नव्हे: अशा वेळी वाद घालण्यापेक्षा हाताला काम द्यावं. पूरग्रस्तांसाठी भाकरी थापणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात पिठाचा हिशोब सोडून दुसरं काही वाचल्याचं आठवत नाही.

लाल_माती

सर माझा प्रश्न सरळ हाय. आमच्या तालमीत एक पोरगं हाय. तालमीत असा लढतो की बगत राहावं. एकेरी पट, म्हंजे एक पाय धरून पाडायचा डाव, काढतो तो दिसतबी न्हाई. पण मैदानाला उतरला, हलगी कडाडली, माणसं बगितली की हातपाय गार. आणि त्याच्याच जोडीचा दुसरा, तालमीत सुस्त, मैदानात वाघ. वस्ताद म्हणतात काळीज लागतं. तुमचं शास्त्र काय म्हणतंय?

रंकाळाकाठ

लाल_माती, तुमच्या प्रश्नानंच या विषयाची सुरुवात झाली म्हटलं तरी चालेल. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिपलेटनं पाहिलं की सायकलस्वार एकटे घड्याळाशी लढताना जेवढे वेगानं जातात त्यापेक्षा सोबत कुणी असताना जास्त वेगानं जातात. मग त्यानं मुलांना मासेमारीच्या गळाची चक्री फिरवायला लावली, एकट्यानं आणि जोडीनं. या शाखेतला हा पहिल्या प्रयोगांपैकी एक.

पुढं घोळ असा झाला की काही अभ्यासांत प्रेक्षकांमुळं कामगिरी सुधारली, काहींत बिघडली. १९६५ मध्ये रॉबर्ट झायोन्स यानं गाठ सोडवली. माणसं बघत असली की अंगात एक ताण भरतो, आणि त्या ताणात जे सगळ्यात जास्त मुरलेलं असतं तेच बाहेर येतं. डाव हाडात मुरला असेल तर तो आणखी झटक्यात बसतो. अजून विचार करून करावा लागत असेल तर चूकच झटक्यात बाहेर येते. १९८२ चा बिलियर्ड्ससारख्या पूल नावाच्या खेळावरचा अभ्यास आहे. चार जण टेबलाजवळ येऊन नुसते बघत उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे अचूक फटके ७१ टक्क्यांवरून ८० वर गेले, कच्च्यांचे ३६ वरून २५ वर आले.

झायोन्सनं १९६९ मध्ये हीच गोष्ट झुरळांवर तपासली होती. झुरळांना बघायला झुरळंच बसवली होती. सोप्या वाटेवर ती प्रेक्षकांसमोर जोरात पळाली, अवघड वळणाच्या वाटेवर अडखळली. आता झुरळाला कसलं काळीज?

लाल_माती

आयला. वस्तादांना झुरळाचं सांगत न्हाई. पण मंग त्या पोराचा पट तालमीत एवढा बसतोय तो मुरलेला न्हाई म्हणायचं का?

रंकाळाकाठ

पट बसतो तो रोजच्या ठरलेल्या जोडीदारावर. अनोळखी पैलवान, वेगळी खडाखडी, वेगळी पकड आली की त्याला पुन्हा विचार करावा लागत असणार. गावोगावच्या छोट्या मैदानांत, माणसं बघत असताना, अनोळखी जोडींवर तोच एक डाव करून घ्या. पण यात वस्तादांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा, मी आखाड्यात पाय ठेवलेला नाही.

संशयात्मा

लेख छान. पण जरा पाणी ओततो. हे क्षेत्र गेली दहा-पंधरा वर्षं स्वतःच आजारी आहे. स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग घ्या. १९७१, झिम्बार्डो. साधी पोरं, निम्मे पहारेकरी, निम्मे कैदी, दोन आठवडे चालायचा तो सहा दिवसांत थांबवला, कारण म्हणे पहारेकरी क्रूर झाले. पन्नास वर्षं हे शिकवलं. आता ध्वनिमुद्रणं बाहेर आली, त्यात झिम्बार्डोच्या गटातला माणूस एका पहारेकऱ्याला 'जरा कडक हो' म्हणून समजावतोय. मग 'परिस्थिती माणसाला बदलते' हा निष्कर्ष कुठं राहिला?

आणि ती न्यूयॉर्कची किटी जेनोवीज. १३ मार्च १९६४. '३८ जणांनी खून होताना पाहिला, कुणी हललं नाही' ही वर्तमानपत्राची बातमी. त्याच वर्तमानपत्रानं २०१६ मध्ये कबूल केलं की ती बातमी सदोष होती. इतके साक्षीदार नव्हतेच, आणि पोलिसांना कळवायचा प्रयत्न झाला होता. या बातमीवर एक अख्खं प्रकरण उभं आहे पाठ्यपुस्तकात.

रंकाळाकाठ

संशयात्मा, स्टॅनफर्डबद्दल पूर्ण सहमत. मी तो आता वर्गात 'प्रयोग कसा करू नये' म्हणून शिकवतो.

जेनोवीजचं जरा वेगळं. बातमी सदोष, पण त्यावरून डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये जो प्रयोग केला तो बातमीवर उभा नाही. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून माइकवरून बोलताहेत. त्यातल्या एकाला फिट आल्यासारखा आवाज येतो (मुद्रित, अर्थात). ऐकणाऱ्याला वाटत असेल की ऐकणारा आपण एकटाच आहे, तर आवाज बंद पडायच्या आत ८५ टक्के मदतीला बाहेर पडले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटत असेल तर ३१ टक्के. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीशीच आली.

पण तुमच्याच बाजूचा एक मुद्दा मीच देतो. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या सीसीटीव्हीत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास झाला. दहातल्या नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलंच, आणि माणसं जास्त असतील तर ही शक्यता वाढत होती. म्हणजे एकेका माणसाची पुढं व्हायची शक्यता गर्दीत कमी होत असेलही, पण गर्दीतून कुणीतरी पुढं होणं अवघड नाही. आणि एकमेकांना दिसणारी माणसं वेगळ्या खोल्यांत बसलेल्यांसारखी वागत नाहीत. पुरात रबरी बोटी यायच्या आधी गल्लीतली पोरं गळ्याएवढ्या पाण्यात म्हाताऱ्यांना पाठीवर घेत होती, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

सुमनकाकू

पाहिलंय. आणि बघे पण पाहिलेत, पुलावर सेल्फी काढणारे.

शिवाजीपेठी

मर्दांनो, पेठांच्या ईर्षेवर कुणी बोलंना झालंय. शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच असली की माझ्या हापिसातला, रोज माझ्या डब्यातलं खाणारा माणूस, त्या दोन तासांत मला ओळख देत न्हाई. त्याची पेठ येगळी. सुटल्यावर परत चहा. ह्याला काय म्हणायचं?

रंकाळाकाठ

:) ह्याला कोल्हापूर म्हणायचं. पण हेन्री ताजफेल नावाच्या माणसानं दाखवलं की एवढ्यासाठी पेठ लागत नाही, फुटबॉलही लागत नाही. ताजफेल पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिला, सुटला तेव्हा घरचे बहुतेक मारले गेलेले. माणसं 'आपले' आणि 'त्यांचे' करतात ती कमीत कमी किती कारणावर, हे त्याला शोधायचं होतं.

ब्रिस्टलमधली चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी पोरं घेतली. त्यांना क्ली आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं की तू या गटाचा, तू त्या गटाचा. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपला गट सोडला तर बाकी कोण कुठल्या गटात तेही पोरांना ठाऊक नव्हतं. मग प्रत्येकानं दोन अनामिक मुलांना पैसे वाटायचे (नाव नाही, गट तेवढा सांगितलेला), स्वतःला काहीच मिळणार नाही. पोरांनी आपल्या गटाला जास्त दिले, यात नवल नाही. नवल पुढं आहे. दोन्ही गटांना मिळून जास्तीत जास्त मिळेल असा पर्याय समोर असताना अनेकांनी तो सोडला. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत. हे १९७० च्या सुमाराचं.

शिवाजीपेठी

म्हंजे आम्ही हरलो तरी चालंल, पण ते पण हरले पायजेत. हे शास्त्रात बसतंय म्हणा की. लई भारी.

पुणेकर_मूळचा_कागलचा

मुझफर शरीफचा उन्हाळी शिबिराचा प्रयोगही इथं येईल ना? ओक्लाहोमा, १९५४, बावीस मुलं, 'ईगल्स' आणि 'रॅटलर्स'. आधी दोन गट पाडून झेंडे जाळण्यापर्यंत भांडण, मग पाण्याची टाकी बंद पडली, ट्रक अडकला, ती कामं मिळूनच करावी लागली आणि मग दोस्ती.

संशयात्मा

येईल, पण त्याच्या आदल्या वर्षी त्यानं असाच दुसरा प्रयोग केला तो फसला, हेही येऊ द्या. तिथल्या पोरांची आधीच गट्टी जमली होती, ती भांडेचनात. शिवाय हे मोठे लोकच आपल्यात काड्या घालताहेत अशी त्यांना शंका आली. मला विचाराल तर फसलेल्या प्रयोगातून जास्त शिकायला मिळतं.

शिवाजीपेठी

काड्या घालणारा कोण हे वळखलं की भांडण मिटतंय. हे आमच्या नगरसेवकाला कळलं नसंल तर बरं.

गल्लीतला_गणपती

वाचतोय, मस्त धागा. माझं एक. विसर्जन मिरवणुकीत ट्रॉली पापाच्या तिकटीच्या चढाला अडली. दोरीला शंभर पोरं. 'मोरया' म्हणत सगळे ओढताहेत, घाम आलाय, तोंडं लाल. ट्रॉली हलेना. एका म्हाताऱ्यानं निम्मी पोरं बाजूला काढली. उरलेल्यांना नावानं हाका मारायला लागला, "ए संज्या, ओढ!" आणि हलली की राव.

रंकाळाकाठ

तो म्हातारा रिंगेलमानचा अवतार म्हणायचा. माक्स रिंगेलमान हा फ्रेंच शेतकी अभियंता. माणसं, बैल, यंत्रं यांच्याकडून किती काम होतं हे मोजायचं त्याचं काम होतं. त्याचे आकडे १९१३ मध्ये छापून आले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो ते शंभर धरलं, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याचा जोर निम्म्यावर येतो.

आता शंका अशी की हा आळस आहे की गोंधळ? दहा हात एकाच क्षणी ओढत नाहीत, दोरी इकडे तिकडे जाते, त्यात जोर वाया जातो. हे वेगळं काढायला १९७४ मध्ये इंगम आणि सहकाऱ्यांनी नामी युक्ती केली. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोरीवर सगळ्यात पुढं उभं केलं आणि मागं आणखी माणसं ओढताहेत असं भासवलं. मागचे नुसते हूं हूं करत होते, ओढत कुणीच नव्हतं. म्हणजे गोंधळाचा प्रश्नच मिटला. तरीही त्याचा जोर घटला. लातानेनं १९७९ मध्ये टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच दाखवलं.

मुख्य कारण: माझा जोर वेगळा मोजला जात नाही. म्हाताऱ्यानं 'संज्या' म्हटलं आणि संज्याचा जोर दिसायला लागला. मात्र पुढच्या अभ्यासांत, १९९३ च्या एका मोठ्या आढाव्यातही, असं आलंय की काम जिव्हाळ्याचं असेल, गट आपल्या माणसांचा असेल तर ही अंगचोरी कमी होते. पूर्वेकडच्या देशांत आणि स्त्रियांमध्येही ती कमी आढळली.

सुमनकाकू

शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत करा.

मृणाल_आरकेनगर

काकू +१

आमच्या अपार्टमेंटची मीटिंग आठवली. अध्यक्ष म्हणतात, "पार्किंगला फरशी बसवायची, प्रत्येकी अमुक रुपये, सगळ्यांना मान्य?" सगळे गप्प. मान्य. मग लिफ्टमध्ये एकेक जण मला म्हणतो, "काय गरज होती हो?" चौथ्या मजल्यावरचे, दुसऱ्या मजल्यावरचे, सगळेच. मग बोलला का नाहीत? "बाकी सगळ्यांना हवी होती ना."

रंकाळाकाठ

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली, सॉलोमन ॲशची. १९५१ पासूनचे प्रयोग. एक रेघ दाखवायची, शेजारच्या तीन रेघांतली तिच्या लांबीची कुठली ते सांगायचं. आंधळाही चुकणार नाही इतकं सोपं. पण खोलीतले बाकी सगळे ठरवून एकसुरात चुकीचं सांगतात, आणि खऱ्या माणसाची पाळी शेवटाकडं येते. चुकीच्या सुरात सूर मिळवणारी उत्तरं एक तृतीयांशाहून थोडी जास्त निघाली. सुमारे तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी वाकली. यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र कमी सांगितला जातो: खोलीत एक, फक्त एक माणूस खरं बोलला की ही वाकण्याची प्रवृत्ती जवळपास चौथ्या हिश्शावर येते. उरलेला एक चतुर्थांश गट तर कधीच वाकला नाही.

तुमच्या लिफ्टमधली गोष्ट दुसरी. ॲशच्या खोलीत बाकीचे खरोखरच वेगळं बोलत होते. तुमच्याकडं कुणीच काही बोललं नाही. प्रत्येकानं स्वतःच्या गप्प बसण्याचा अर्थ 'मला संकोच वाटला' असा लावला आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा 'त्याला मान्य आहे' असा. म्हणजे कुणालाच नको असलेली फरशी सगळ्यांच्या संमतीनं बसली. प्रिन्स्टन विद्यापीठात १९९३ मध्ये असंच सापडलं: बहुतेक विद्यार्थ्यांना तिथल्या दारू पिण्याच्या प्रथेबद्दल मनातून अस्वस्थता होती, आणि बहुतेकांना वाटत होतं की बाकीच्यांना ती नाही.

माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या रूढी या दुसऱ्या प्रकारावर तगून आहेत. हुंडा, मानपान, बाराव्याचं जेवण. घरात विचारा, कुणालाच नको असतं.

पुणेकर_मूळचा_कागलचा

'समोरच्याचा अर्थ वेगळा लावतो' यावरून. मी सिग्नल तोडला तर घाई होती, दुसऱ्यानं तोडला तर तो माजलेला. हे जगभर असंच आहे का?

रंकाळाकाठ

परिस्थिती सोडून स्वभावाला धरायची ही सवय. ली रॉसनं १९७७ मध्ये तिला माणसाची 'मूलभूत' चूक म्हटलं, पण ती तितकी मूलभूत नाही हे दाखवणारा अभ्यास आपल्या शेजारच्या म्हैसूरचा आहे. जोन मिलर, १९८४. शिकागोतले अमेरिकन आणि म्हैसूरमधले हिंदू यांना रोजच्या घटनांची कारणं सांगायला लावली. त्यातली एक: एक वकील मोटरसायकल चालवतोय, मागं एक जण बसलाय. अपघात होतो, मागचा जखमी होतो. वकील त्याला दवाखान्यात पोचवतो आणि कोर्टात निघून जातो. पुढं तो जखमी दगावतो. वकील असा का वागला? अमेरिकन म्हणणार, बेजबाबदार माणूस. इथले लोक म्हणत होते, त्याला कोर्टात अशिलासाठी उभं राहणं भाग होतं, जखम तेवढी गंभीर दिसली नसेल. आणि आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळपास नव्हताच. वय वाढेल तसा तो वाढत गेला. म्हणजे कारणं कशी लावायची हेही आपण आजूबाजूच्यांकडून शिकतो.

संशयात्मा

कावळा नाक्याच्या सिग्नलला मात्र आम्ही सगळे अमेरिकन असतो.

सुमनकाकू

माझं एक उदाहरण, मग झोपते. आमच्या शाळेत दर वर्षी शाहू जयंतीला गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगतो. राजवाड्यात नोकरीला असलेला दलित माणूस, पाण्याला शिवला म्हणून सवर्ण सहकाऱ्यांनी मारलं. महाराजांनी त्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला लावला. त्यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. त्यांच्या हातचा चहा प्यायला कोण जाणार? मग महाराज फिरायला निघाले की गाडी तिथं थांबवायचे आणि चहा मागवायचे, स्वतःला आणि सोबतच्या सगळ्यांना. सर, यात तुमचं कुठलं तत्त्व?

संशयात्मा

काकू, गोष्ट मोठी आहे, पण एक खवचट प्रश्न. राजा समोर बसून चहा पितोय, मग सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनी तो प्यायला यात त्यांचं मत कुठं बदललं? मान राखायला प्यायला असेल आणि घरी जाऊन आंघोळ केली असेल.

रंकाळाकाठ

काकू, आता मलाही झोप यायची नाही.

संशयात्मा म्हणतात ती शंका फेस्टिंगरच्या दुसऱ्या प्रसिद्ध प्रयोगातून आणखी धारदार होते. १९५९. विद्यार्थ्यांना तासभर लाकडी खुंट्या फिरवायचं रटाळ काम दिलं आणि मग पुढच्या मुलाला 'काम मजेशीर होतं' असं खोटं सांगायला लावलं. त्याबद्दल काहींना एक डॉलर, काहींना वीस. नंतर विचारलं, खरं सांग, काम कसं वाटलं? वीस डॉलरवाले म्हणाले, कंटाळवाणं. एक डॉलरवाल्यांना ते बऱ्यापैकी मजेशीर वाटायला लागलं होतं. वीस डॉलरवाल्याकडं खोटं बोलायला भक्कम कारण होतं, एक डॉलरवाल्याकडं नव्हतं, मग त्यानं मतच वळवलं. या हिशोबानं छत्रपतींची आज्ञा म्हणजे वीस डॉलरांपेक्षा मोठं कारण. चहा प्यायलेल्यांची मनं त्यामुळं बदलली असतील असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पण माझा डोळा गाडीतल्या मानकऱ्यांवर नाही, रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसावर आहे. तो काय बघतोय? महाराजांचा दबाव त्याला दिसतो तसा एक साधा देखावाही दिसतो: मोठमोठी माणसं इथला चहा पितात, आणि आभाळ कोसळत नाही. त्यात एखादा असा असेल ज्याला मनातून शिवाशिवीचं काही वाटत नव्हतं पण 'लोक काय म्हणतील' म्हणून आजवर तिकडं फिरकला नव्हता. त्याच्यापुरती ॲशच्या खोलीतली एकी मोडली. मृणालच्या लिफ्टमधली माणसं एकमेकांना दिसली.

एलिझाबेथ लेव्ही पालक या संशोधिकेनं रवांडात, तिथल्या वंशसंहारानंतर, हे तपासलंय. काही गटांनी वर्षभर समेटाच्या विषयावरची रेडिओ मालिका ऐकली, काहींनी आरोग्यावरची. २००९ मध्ये निष्कर्ष छापले. समेटाची मालिका ऐकणाऱ्यांच्या स्वतःच्या श्रद्धा फारशा हलल्या नाहीत. पण 'आपल्यात काय चालतं, काय चालत नाही' याबद्दलचा त्यांचा अंदाज बदलला आणि वागणंही बदललं. मतं न बदलता वागणं बदललं.

गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ मध्ये लिहिलं होतं की दोन समाज नुसते जवळ आल्यानं पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचं नातं लागतं, समान उद्दिष्ट लागतं, सहकार्य लागतं आणि वरच्या सत्तेचा उघड पाठिंबा लागतो. त्या हॉटेलात गंगाराम नोकर नव्हते, मालक होते. पाठिंबा तर दारातच गाडी उभी करून बसलेला. आणि हे सगळं त्या पुस्तकाच्या तीस-चाळीस वर्षं आधी.

संशयात्मा

हे पटलं. आंघोळीचा मुद्दा मागं घेत नाही, पण त्यानं फरक पडत नाही हे पटलं.

लाल_माती

गंगारामांचं मला म्हाईत नव्हतं असं न्हाई, पण असं कधी बगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

सुमनकाकू

उठले सकाळी. सर, एक काम होतं. नववीच्या मुलांना तो दोरीचा प्रयोग करून दाखवता येईल का? डोळ्यांवर पट्टी बांधून? काय काय लागेल?

रंकाळाकाठ

सहज जमेल. दोरीचं एक टोक खांबाला, मध्ये ताणकाटा, पट्टी बांधलेला मुलगा काट्यापासून सगळ्यात जवळ. मागं तीन-चार जण उभे करा, त्यांना आधी बाजूला नेऊन सांगा की दोरी हातात धरायची, पाय घासायचे, आवाज काढायचा, ओढायचं नाही. प्रत्येक मुलाला एकदा 'एकटा' आणि एकदा 'सगळ्यांबरोबर' ओढू द्या. निम्म्यांना आधी एकटं, निम्म्यांना आधी गटात, नाहीतर दमल्याचा हिशोब मध्ये येतो. पहिल्याचं झालं की तो बाहेर बसलेल्यांना सांगणार, म्हणून झालेल्यांना वेगळ्या वर्गात ठेवा. शेवटी सगळ्यांना खरं काय ते सांगायचं, आणि कुणाचा जोर किती घटला ते नावानिशी वाचून दाखवायचं नाही, सरासरी तेवढी फळ्यावर.

लाल_माती

काकू, शाळेच्या लॅबमधला ताणकाटा घेऊ नका, नववीची पोरं स्प्रिंग सरळ करतील. गुळाच्या रव्यांचं वजन करायचा टांगता काटा मार्केट यार्डात कुणाकडबी मिळंल. मी आणून देतो, शनिवारी सकाळी तालीम सुटल्यावर.